अण्णांनी ठेवलेली जागा

अण्णांचा आवाज कुठेच नाही.

ते गेल्यावर आठवडाभरात आमच्या गणपती मंडळाचे कार्यकर्ते माझ्याकडे आले. शोकसभेत ऐकवायला त्यांना अण्णांच्या आवाजातलं एखादं वाक्य हवं होतं. मी म्हटलं, त्यात काय, ढीग असेल. साऱ्या पेठेचे आवाज ज्या माणसाने आयुष्यभर गोळा केले, त्याचा स्वतःचा आवाज त्यात नसेल असं माझ्या मनातही आलं नाही. त्यांच्या खोलीत बसून आम्ही कॅसेटी ऐकल्या, सीड्या ऐकल्या, संगणकातल्या फायली ऐकल्या. गिरणीवाला होता, नळाचं पाणी सोडणारा होता, बाळंतपणं करणारी म्हातारी होती. मीही होते, कोवळी आणि घाबरलेली. अण्णा नव्हते. माईक तपासताना ते 'हॅलो, हॅलो' म्हणत नसत, नखाने दोनदा टिचकी मारत. ती टिचकी मात्र प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला आहे.

ते गेल्याची बातमी ऐकून मी सुन्न झाले होते. धक्का खरा बसला तो त्या दिवशी, ती टिचकी शंभरदा ऐकल्यावर.

ज्यांनी कोल्हापुरातला, आमच्या पेठेतला गणपती पाहिलेला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. आमच्याकडे मूर्तीइतकीच गर्दी देखाव्याला होते. रस्त्यात मांडव घालून पेठेतलीच माणसं लहानसं नाटक करतात. त्याला सजीव देखावा म्हणतात. पण मंचावर कुणी बोलत नाही. बोलणं आधी ध्वनिमुद्रित केलेलं असतं, ते कर्ण्यातून येतं आणि नट त्यावर ओठ हलवतात. संध्याकाळ झाली की तोच खेळ पुन्हा पुन्हा होतो. महापालिकेपासून मोबाइलपर्यंत सगळ्यांची त्यात टिंगल होते, आणि ज्याची झाली तोही बायकामुलांना घेऊन बघायला येतो.

हे देखावे अण्णा लिहीत आणि ध्वनिमुद्रित करत. 'लिहीत' म्हणणंही तसं खरं नाही. ते माणसांना बोलावून आणत आणि बोलायला लावत. नटाचा आवाज त्यांना चालत नसे. पुण्याहून आलेला एक नामवंत निवेदक त्यांनी चहा पाजून परत पाठवला होता. "आवाज सोन्यासारखा हाय," ते म्हणाले, "पण त्याच्या घरात पाणी रोज येतंय. त्यानं पाण्याबद्दल का म्हणून बोलावं?" पाण्यावरच्या देखाव्यात मग नळ सोडणारा माणूसच बोलला. बोलता बोलता त्याने साहेबाला शिवी दिली. अण्णांनी ती अर्धी ठेवली. उरलेली अर्धी प्रेक्षक रोज म्हणत.

खोली गिरणीच्या वर होती. काम सुरू झालं की गिरणी बंद ठेवावी लागे. दळण घेऊन आलेल्या बायका डबे खाली ठेवून जिन्यावर बसत आणि अण्णांच्या नावाने बोटं मोडत. अण्णा दार उघडून म्हणत, "बोटं आत येऊन मोडा की, आवाज चांगला येतोय." त्यातल्या कितीतरी जणी अशा आत आल्या आणि माईकसमोर बसल्या.

कानावरचा हेडफोन ते गळ्यात अडकवून बाजारात जात, लग्नाला जात, मयतीलाही जात. कुणी भेटलं तर 'कसं काय' विचारत नसत. विचारत, "काय ऐकलंसा?" याचं खरं उत्तर द्यावं लागे. 'काही नाही' म्हटलं तर चेहरा असा करत, जणू समोरच्याने आजारपण सांगितलं आहे. लग्न केलं नव्हतं. कारण विचारलं की म्हणत, "दोघांत एकानं तरी बोलाय पायजे. बोलणारी भेटली की करतो."

मी कॉलेजात मराठी शिकवायला नुकतीच लागले होते तेव्हा कुणीतरी मला निवेदन वाचायला त्यांच्याकडे नेलं. मी वाचलं. अण्णांनी डोळे मिटून ऐकलं.

"बाई, तुमचा आवाज छापील हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे शाई दिसत्या. पूर्णविराम ऐकू येतोय मला."

मी रागावले. उठले. त्यांनी अडवलं नाही. मी जिन्यात पोचल्यावर मागून म्हणाले, "आता ज्या रागानं पाय आपटत चाललायसा, त्या रागानं वाचा की एकदा." मी परत आले आणि वाचलं. पुढे कितीतरी वर्षं मी त्या खोलीत जात राहिले. वाचायला कमी, बसायला जास्त. शेवटपर्यंत ते मला 'छापील बाई' म्हणत.

एकदा संहिता तपासायला पोलीस चौकीतून हवालदार आले. देखाव्यात वादाचं काही नसावं अशी त्यांना ताकीद होती. अण्णांनी त्यांना खुर्ची दिली. "साहेब, तुम्हीच मोठ्यानं वाचा. मला बी कळंल काय वाईट हाय ते." हवालदार वाचू लागले. त्यात एका हवालदाराचं काम होतं. ते आलं तसा त्यांचा आवाज चढला, त्यांनी स्वतःहून दोन शब्द घातले, एकदा हसले. अण्णांचं ध्वनिमुद्रणाचं यंत्र चालूच होतं. वाचन संपल्यावर अण्णांनी त्यांना त्यांचाच आवाज ऐकवला. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "ते 'चल फूट' जरा जोरात म्हणू का पुन्हा?" त्या वर्षी कर्ण्यातून त्यांचाच आवाज आला, आणि त्यांची आई खुर्ची टाकून पहिल्या रांगेत बसली होती.

अण्णांचा एकच कायदा होता. ज्याचा आवाज, त्याची मालकी. कुणी दिलेला आवाज परत मागितला तर ते कारण विचारत नसत. जमिनीच्या वाटण्यांवरच्या देखाव्यात एक म्हातारे बोलले होते. खेळाच्या आदल्या दिवशी ते जिना चढून आले आणि म्हणाले, भावाशी गोड झालंय, माझं बोलणं काढा. सगळा देखावा त्यांच्या बोलण्यावर उभा होता. कार्यकर्ते हात जोडू लागले. अण्णांनी म्हाताऱ्यांसमोर ते पुसलं, आणि त्या वर्षी मंडळाने नुसती मूर्ती बसवली. वर्गणीदार चिडले. अण्णा म्हणाले, "उद्या तुम्ही मागाय आलासा तर तुमचा बी देणार. मग?"

मला त्यांचं सगळं पटत होतं असं नाही. समोरचं माणूस रडू लागलं तरी ते यंत्र बंद करत नसत. हे मला निर्दयपणाचं वाटे. आणि इथे मला दूधवाल्या वहिनींचं सांगायला हवं.

वहिनींचा नवरा गावाकडून रोज पहाटे मोटारसायकलला किटल्या बांधून दूध घेऊन येई आणि दूधकट्ट्यावर बसून विकत असे. पेठेच्या तोंडाशी जलवाहिनीसाठी रस्ता खणला होता. त्याच्याभोवती कठडा नव्हता, दिवा नव्हता. आठवडाभर पाऊस लागून राहिला होता, खड्डा आणि रस्ता पाण्याखाली एकच दिसत होते. तो गाडीसकट आत गेला. लोकांना आधी तरंगणारी किटली दिसली.

रस्त्याचं काम ज्या कंत्राटदाराचं होतं तो मंडळाचा मोठा देणगीदार होता. चौकातल्या स्वागत कमानीवर दर वर्षी त्याचंच नाव असे, मोठ्या अक्षरांत, देवाच्या नावाच्या जरा खाली.

वहिनी स्वतः जिना चढून आल्या. नवऱ्याच्या जागी त्याच दूधकट्ट्यावर बसू लागल्या होत्या, अंगाला दुधाचा वास होता. म्हणाल्या, "पोलिसात बोलले, कचेरीत बोलले. कुणी लिवून घेतलं न्हाय. तुमच्याकडं बोललं की चौकात ऐकू येतंय म्हणं."

"येतंय," अण्णा म्हणाले. टिचकी मारली, आणि गप्प बसले.

वहिनी दोन वाक्यं बोलल्या आणि रडू लागल्या. ते रडणं थांबेना. मी उठून यंत्राकडे हात नेला. अण्णांनी माझं मनगट धरलं. त्यांनी मला हात लावल्याची ती एकच वेळ. "आत्ता बंद केलं," ते हळू बोलले, "तर आपण बी त्यास्नी गप केलं म्हणायचं." आम्ही बसून राहिलो. खाली गिरणी बंद होती. रडणं आपोआप संपलं, वहिनींनी नाक पुसलं आणि अगदी स्वच्छ आवाजात त्या म्हणाल्या:

"माझ्या मालकाला गिळलं त्यो खड्डा कुणी उघडा ठेवला, त्याचं नाव मी सांगत न्हाय. मान वर करा. कमानीवर लिवलंय."

 अण्णांनी डोळे मिटले होते.

देखावा सगळा वहिनींच्याच आवाजात होता, आणि त्यांचं काम माझ्याच एका विद्यार्थिनीने केलं. पहिल्या संध्याकाळी चौक भरला होता. ते वाक्य कर्ण्यातून आलं आणि सगळ्या गर्दीने मान वर केली. एवढ्या माणसांच्या माना एकाच वेळी वर जाताना मी त्याआधी कधी पाहिल्या नव्हत्या. कुणी ओरडलं नाही. एक बाई फक्त "अगं आई गं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तालमीच्या आखाड्यात मंडळाची बैठक झाली. कंत्राटदार स्वतः आला नव्हता, त्याचा फोन आला होता. तेव्हाचे अध्यक्ष घामाघूम झाले होते. "अण्णा, तेवढं वाक्य काढा. बाकी सगळं राहू द्या. एका वाक्यासाठी मंडळ बसंल."

मला वाटलं आता अण्णा भडकणार. अण्णा म्हणाले, "बरं. काढतो."

इतकंच. मी त्यांच्याकडे बघत राहिले. हा माणूस इतक्या सहज वाकेल असं मला कधी वाटलं नव्हतं. घरी जाताना मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनीही मला 'काय ऐकलंसा' विचारलं नाही, ते वहिनींच्या कट्ट्याकडे वळले.

त्या संध्याकाळी मी मांडवात मागे उभी होते, लाज वाटत होती. खेळ त्या जागेपर्यंत आला, आणि कर्ण्यातून आवाज येणं थांबलं. पुढचं वाक्य आलं नाही. माझी विद्यार्थिनी मात्र ओठ हलवत होती, शब्द न शब्द. वाक्य जेवढं लांब होतं तेवढी शांतता अण्णांनी तिथे ठेवली होती.

आणि चौकाने मान वर केली.

आदल्या दिवशी आलेल्यांनी केली, त्यांना बघून नवीन आलेल्यांनी केली. वाक्य असताना ते एकदाच ऐकू आलं होतं. आता ते जो तो आपल्या मनात म्हणत होता. तिसऱ्या दिवशी कुणीतरी कमानीवरच्या नावावर कापड टाकलं. लोक कापडाकडे बघू लागले.

अध्यक्ष धावत आले. अण्णा शांतपणे हेडफोनची वायर गुंडाळत होते.

"वाक्य काढा म्हणालासा, काढलं. जागा काढा असं कुठं म्हणालासा?"

"अण्णा, तुम्ही मला मारणार!"

"जागेत काय हाय सांगा की. काय बी न्हाय. मोकळी हाय."

 अनंत चतुर्दशीपर्यंत देखावा तसाच चालला.

त्यानंतर काय झालं असं कुणी विचारेल. काही झालं नाही. खड्डा बुजला, वर डांबर पडलं. कंत्राटदार मोठा झाला. वहिनी दूध विकत राहिल्या. अण्णा पुढच्या वर्षी भटक्या कुत्र्यांवर देखावा करायला लागले.

या श्रावणात एका दुपारी गिरणीवाला वर गेला, अण्णा चहाला खाली आले नाहीत म्हणून. ते हेडफोन लावून बसलेले होते. यंत्र चालू होतं. गिरणीवाला सांगतो, त्याने तीन हाका मारल्या आणि त्याला वाटलं, कानात वाजतंय म्हणून ऐकू येत नसेल. मी ही गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकते आणि तिथेच अडते. अण्णांना ऐकू आलं नाही, हे मला अजून खरं वाटत नाही.

मंडळाचा आताचा अध्यक्ष तिशीतला, संगणकाचं दुकान असलेला, अण्णांवर खराखुरा जीव असलेला मुलगा. आवाज सापडला नाही तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, मग त्यांचा तो खड्ड्याचा देखावाच परत करू. तीच श्रद्धांजली." मी लगेच हो म्हटलं. माझी विद्यार्थिनी आता बँकेत आहे, तिने रजा टाकली. वहिनींना बोलावणं गेलं.

शुभारंभाच्या दिवशी दुपारी देखाव्याची तालीम होती. मी मांडवात आले आणि कमानीकडे बघून जागच्या जागी थांबले. फ्लेक्सवर अण्णांचा मोठा फोटो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून कंत्राटदाराचा फोटो. शोकाकुल. संध्याकाळचा प्रमुख पाहुणाही तोच.

"मॅडम, देणगी त्यांचीच हाय ओ," अध्यक्ष अजिजीने म्हणाला. "आणि त्यांनी स्वतःहून विचारलं, अण्णांसाठी काय करू म्हणून."

तालीम सुरू झाली. फाईल स्वच्छ वाजत होती, खरखर गेली होती. ती जागा जवळ आली तशी मी कमानीकडे पाहिलं. जागा आलीच नाही. एका वाक्याला लागून त्याच्या पुढचं वाक्य आलं. विद्यार्थिनीचे ओठ हलत राहिले आणि आवाज पुढे निघून गेला. ती गोंधळून थांबली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही न्हाय मॅडम, जुनी फाईल लई ढिली होती. सॉफ्टवेअरमध्ये टाकून साफ केली. मधी मधी ब्लँक होतं ते उडवलं." त्याचा चेहरा अगदी निष्पाप होता. "चांगली झाली न्हवं?"

त्या वेळी तो देखाव्यात नव्हता, सांगलीला शिकत होता. मूळ फाईल कुठे आहे विचारलं. त्यावरच साफ केलेली साठवली होती. तेव्हाच्या अध्यक्षांना, पोलिसांना, कंत्राटदाराला जे जमलं नव्हतं ते प्रेमाने झालं होतं. 

वहिनी मागे खुर्चीवर बसल्या होत्या. त्या उठून पुढे आल्या.

"अण्णा मला इचाराय आलते," त्या म्हणाल्या. "कट्ट्यावर. वाक्य काढाय लागतंय, जागा ठिवली तर चालंल का म्हणाले. मी व्हय म्हणाले तवा काढलं. तुम्ही जागा काढलीसा. मला कुणी इचारलं?"

अध्यक्ष गडबडला. "वहिनी, मला माहीतच न्हवतं. खरंच. आत्ता मधी ब्लँक टाकतो, दोन मिनिटांचं काम."

"न्हाय. किती मोठी ठिवायची ते त्यांचं त्यास्नी ठावं. आता माझा आवाज मला परत द्या. समदा."

"अहो, पण सात वाजता पाहुणे येणार! मग देखावा कसा चालवू?"

"चालवा की. तसाच."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असावं की शिकलेली बाई काही मध्यम मार्ग काढेल. मी इतकंच म्हणू शकले की अण्णा असते तर त्यांनी दिला असता.  मग त्याने पेन ड्राइव्ह काढून वहिनींच्या हातात दिला. वहिनींनी तो दुधाच्या पैशांच्या बटव्यात टाकला. विद्यार्थिनी मंचावरून त्याला म्हणाली, "सर, मला पाठ हाय सगळं. मी करते."

संध्याकाळी चौक भरला. कंत्राटदार आला, हार घातला, अण्णांबद्दल चांगलं बोलला. मग पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसला आणि मोबाइल बघू लागला. वहिनी रांगेच्या टोकाला, मी त्यांच्या शेजारी. दिवे लागले. विद्यार्थिनी पुढे आली आणि तिने ओठ हलवायला सुरुवात केली. कर्ण्यातून काहीच येत नव्हतं.

मला वाटलं होतं लोक ओरडतील, शिट्ट्या मारतील. कोल्हापूर आहे, बिघडलेल्या कर्ण्याला आम्ही माफ करत नाही. पण जुनी माणसं गप्प राहिली, आणि त्यांच्याकडे बघून नवीही. दूरच्या मंडळाचा ढोल ऐकू येत होता. तिचे ओठ हलत होते, हात हलत होते, एकदा तिने पदराने नाक पुसलं. इतकं बोलणं मी आवाजाशिवाय कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्या रांगेत कंत्राटदाराने मोबाइलमधून मान वर काढली. मंचाकडे पाहिलं, मग कर्ण्याकडे, मग आजूबाजूच्या गप्प माणसांकडे. तो कुठला देखावा आहे हे त्याला तोवर कळलं नसावं. अर्ध्या खुर्चीतून उठून, साऱ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला,

"अरे, आवाज का येत न्हाय?"

 अध्यक्ष खांबामागे उभा होता. विद्यार्थिनी मंचावर थांबली.

वहिनी उठल्याही नाहीत. बसल्या जागेवरून, कट्ट्यावर गिऱ्हाइकाला भाव सांगावा तशा म्हणाल्या,

"तुम्हीच काढलासा की."